यंदा मुलाबाळांना वेरूळ दाखवा



तुम्ही मला ओळखता ते बोंडअळी, बीजप्रक्रिया आणि माती परीक्षण यांच्यामुळे. कृषी विस्तार अधिकारी गावात आला म्हणजे काहीतरी फवारायला सांगणार, हे ठरलेलेच. आज मात्र औषधाचे नाव काढणार नाही. आज तुम्हांला मुलाबाळांसह एक दिवस घराबाहेर काढायचे आहे. आणि तेही फार लांब नव्हे, आपल्या वेरूळला.

"वेरूळ? ते तर आम्ही पाहिलेलं आहे," असे तुमच्यापैकी पुष्कळजण म्हणतील. खरेच पाहिले आहे का? दर श्रावणात आपण घृष्णेश्वराला जातो. रांगेत उभे राहतो, दर्शन घेतो, प्रसाद बांधून घेतो, चहा पितो आणि परतीची एसटी पकडतो. लेणी तिथून जेमतेम एक किलोमीटरवर आहेत. तिकडे पाय वळतात का? वळत असतील तर तुमचे कौतुक आहे. माझे स्वतःचे वळत नव्हते, म्हणून विचारतो.

जग येते, आपण जात नाही

खुलताबाद तालुक्यात एकदा शेतकरी मेळावा होता. तो लवकर आटोपला आणि दुपार मोकळी मिळाली, म्हणून मी लेण्यांकडे गेलो. कैलास लेण्याच्या अंगणात एक जर्मन कुटुंब बसले होते. आईबाप, सात-आठ वर्षांची मुलगी आणि तिच्याहून लहान मुलगा. मुलगी मांडीवर वही घेऊन दगडी हत्तीचे चित्र काढत होती. बाप शेजारी नुसता बसून होता. "चल, चल, अजून पुष्कळ पाहायचंय" अशी घाई नाही की ओरडा नाही.

त्यांच्याबरोबरचा वाटाड्या वेरूळचाच होता. तो म्हणाला, "साहेब, दोन वर्षं पैसे साठवून आलेत. आज तिसरा दिवस आहे. रोज दोन-तीनच लेणी पाहतात."

तेवढ्यात त्या लहानग्याने काहीतरी विचारले. हे कुणी केले, असा त्याचा प्रश्न होता. वाटाड्याने माझ्याकडे बोट दाखवून सांगितले, की या भागातल्या लोकांच्या पूर्वजांनी. त्यावर पोराने मला नीट न्याहाळले आणि पुन्हा काही विचारले. वाटाड्या हसत म्हणाला, "तो विचारतोय, यांच्या आजोबांनी केलं का?"

मीही तेव्हा हसलो. पण घरी परतताना तो प्रश्न डोक्यातून जाईना. सात समुद्रांपलीकडचे लेकरू इथे येऊन विचारते, की हे तुमच्या आजोबांनी केले का. आणि आपल्या लेकरांना हा प्रश्न पडायलाही आपण इथे आणत नाही.

आणखी एक सांगतो, म्हणजे मी कुणाला शहाणपण शिकवतो आहे असे वाटायला नको. माझी आई दर श्रावणात घृष्णेश्वराला यायची. "ती लेणी कशी असतात रे?" असे तिने मला दोन-तीनदा विचारले होते. "दाखवीन एकदा" असे मी दरवेळी म्हणालो. नोकरीच्या निमित्ताने त्या रस्त्याने मी शेकडो वेळा गेलो असेन. कधी पेरणी आडवी आली, कधी बैठक आडवी आली. आई गेली आणि दाखवायचे राहून गेले. म्हणून म्हणतो, "दाखवू कधीतरी" यातला 'कधीतरी' फार फसवा असतो.

दादांची विहीर आणि कैलासाचे देऊळ

त्यानंतरच्या दिवाळीच्या सुट्टीत मी मनावर घेतले. माझे चुलतभाऊ, त्यांना आम्ही दादा म्हणतो, वहिनी, त्यांची सून आणि दोन नातवंडे यांना घेऊन निघालो. थोरला नातू चौथीत, धाकटी पहिलीत.

दादा यायला तयार नव्हते. त्यांचे सारे आयुष्य विहिरी खोदण्यात गेले. स्वतःच्या शेतातली विहीर त्यांनी दोन उन्हाळे खपून आठ परस खाली नेली. पंचक्रोशीतल्या कितीतरी विहिरींवर त्यांचा घण पडला आहे. एका विहिरीत सुरुंगाच्या कामात उजव्या हाताची दोन बोटे गेली. ते म्हणाले, "अरे, दगडात काय बघायचं? सबंध जन्म दगडच तर फोडला. तुम्ही जा."

नातवालाही आजोबांच्या कामाचे फारसे काही वाटत नसे. शाळेत 'माझे आजोबा' हा निबंध लिहायचा होता, तेव्हा त्याने "माझे आजोबा शेतकरी आहेत" एवढे लिहून विहिरींचे नावही काढले नव्हते. शेवटी धाकटीने दादांचे बोट धरले म्हणून ते एसटीत चढले.

आम्ही सरळ सोळा नंबरच्या लेण्यात गेलो. हेच कैलास. राष्ट्रकूट घराण्यातील पहिला कृष्ण याच्या काळात, म्हणजे सुमारे इ.स. 756 ते 773 या वर्षांत, याचे मुख्य काम झाले असे मानतात. पुढच्या राजांच्या काळातही काम चालू राहिले. आंबा लावणारा फळ खाईलच असे नसते, तसे ज्यांनी इथे पहिला घाव घातला त्यांतल्या कित्येकांनी पुरे झालेले देऊळ पाहिलेही नसेल.

आता आपल्या भाषेत मोजून पाहू. या लेण्याचे आवार सुमारे 276 फूट लांब आणि 154 फूट रुंद आहे. हिशेब केला तर 39 गुंठे होतात, म्हणजे एक गुंठा कमी एकर. डोंगराच्या बाजूला त्याची मागची भिंत सुमारे 107 फूट उंच आहे. एक एकराची विहीर, मागच्या बाजूला सतरा-अठरा परस खोल! आणि ही सारी सुरुंगाची दारू आपल्याकडे येण्याच्या कितीतरी शतके आधी, घण, पहार आणि छिन्नीने. यातून सुमारे दोन लाख टन दगड काढला असावा असा अंदाज सांगतात. दहा टनांच्या ट्रकने वाहायचा म्हटला तरी वीस हजार खेपा होतील.

दादा अंगणात येऊन थांबले. वर पाहिले, मग भिंतीजवळ जाऊन हात फिरवला. छिन्नीच्या तिरक्या खुणा तिथे अजून दिसतात. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग मला विचारले, "वरून खाली आलेत ना?"

मी पुस्तकात वाचलेले त्यांनी एका नजरेत ओळखले होते. कैलास खालून वर बांधलेला नाही. डोंगराच्या माथ्यावरून तीन बाजूंनी खोल चर खणले, मधे दगडाचा प्रचंड ठोकळा राखला आणि मग वरून खाली त्याचे देऊळ घडवत आणले. आधी शिखर, शेवटी पाया. जोड नाही, चुना नाही, सारा एकच दगड.

नातवाने विचारले, "आजोबा, तुम्हाला कसं कळलं?"

दादा म्हणाले, "अरे, विहिरीत आपण मधला खडक काढून टाकतो आणि कडा राखतो. यांनी कडेचा काढला आणि मधला राखला. खोदणं तेच. पण आमचं चुकलं तर विहीर वाकडी होते. यांचं चुकलं असतं तर देऊळच गेलं असतं. वरचा घाव चुकला की खाली भरून काढायला जागाच नाही."

मग दादा नातवाला समजावू लागले. मुरूम कुठवर असतो, त्याखाली मांजऱ्या कसा लागतो, काळा पाषाण लागला की घण कसा उलटा उडतो, दगडाची शीर कशी ओळखायची. इतका माल यारीवाचून कसा बाहेर काढला असेल, याचाही तर्क त्यांनी लढवला. पोरगा त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिला. एवढे सारे आजोबांना ठाऊक आहे, हे त्याला त्या दिवशी कळले.

मी त्याला एक जुनी कथा सांगितली. 'कथाकल्पतरू' नावाच्या मराठी ग्रंथात ती आहे. राजा आजारी पडला. राणीने नवस केला, की राजा बरा झाला तर शंकराचे देऊळ बांधीन आणि त्याचे शिखर पाहीपर्यंत अन्न घेणार नाही. राजा बरा झाला. आता देऊळ बांधून शिखर चढायचे तर किती वर्षे लागणार? तोवर राणी उपाशी कशी राहील? तेव्हा पैठणचा कोकसा नावाचा कारागीर पुढे आला. तो म्हणाला, मी शिखरच आधी दाखवतो. त्याने डोंगर वरून कोरायला घेतला आणि थोड्याच दिवसांत राणीचा उपास सुटला. ही दंतकथा आहे, इतिहास नव्हे. पण वरून खाली का, हे मुलांच्या डोक्यात बसवायला यापरती गोष्ट नाही.

आणखी एक लेखी पुरावा आहे. बडोद्याला सापडलेल्या नवव्या शतकातल्या एका ताम्रपटात या देवळाचे वर्णन आहे. ज्या कारागिराने ते घडवले तोच शेवटी थक्क झाला, की हे माझ्या हातून झाले तरी कसे आणि पुन्हा होईल का, अशा अर्थाचे त्यात म्हटले आहे. दादांना हे सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "खरं असेल. पाणी लागलं की आपल्यालाही तसंच वाटतं."

अशी कामे जगात इतरत्रही झाली आहेत. आफ्रिकेतील इथिओपिया देशात लालिबेला नावाचे गाव आहे. तिथे अकरा चर्च अशीच कातळात कोरून काढलेली आहेत आणि तिथेही दरवर्षी यात्रा भरते. ती बाराव्या-तेराव्या शतकातली समजतात. आपला कैलास त्यांच्याआधी सुमारे चारशे वर्षांचा. मुलांना हे जरूर सांगा, पण फुशारकी म्हणून नव्हे. दूरदेशीही आपल्यासारखेच कातळाशी झगडणारे लोक होते, हे कळावे म्हणून सांगा.

वहिनींनी ओळखलेला गिलावा

वहिनी मूर्तींना हात जोडत पुढे जात होत्या. एका छताखाली त्या थांबल्या. तिथे जुन्या गिलाव्याचे आणि रंगाचे तुकडे अजून टिकून आहेत. "भाऊजी, दगडाला लिंपलं होतं का हे?" त्यांनी विचारले.

लिंपले होते. वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे धागे मिसळलेले आहेत, असे पुरातत्त्व खात्याच्या शास्त्रज्ञाने तपासून दाखवले आणि 2016 साली ते प्रसिद्ध झाले. त्यामुळे माती धरून राहिली आणि किडीचाही त्रास कमी झाला असावा. अजिंठ्याच्या भिंतींवरही मातीत भाताचे तूस, गवत आणि झाडपाल्याचे धागे घालून आधी थर दिला आहे. त्यावर चुन्याचा पातळ हात आणि मग रंग.

वहिनी म्हणाल्या, "मग आम्ही काय वेगळं करतो? भुसा घातल्याशिवाय भिंत तडकतेच की." सूनबाई हसल्या, पण मला ते खरे वाटले. पंडितांना प्रयोगशाळेत जे सापडले ते आपल्या घरातल्या बायांच्या हातांना ठाऊक आहे.

एक खडा आणि एक नाव

दुपारी एक गोष्ट घडली ती लपवीत नाही. आम्ही शेजारच्या लेण्यात भाकरी खाऊन आल्यावर टेकलो होतो. नातवाने खाली पडलेला खडा उचलला आणि खांबावर आपल्या नावाचे पहिले अक्षर ओढले. तिथे आधीच कुणी नावे लिहिली होती, कुणी बदाम काढले होते. पोराने पाहिले तेच केले.

दादांनी त्याचा हात धरला. मारले नाही. आपला दोन बोटे नसलेला पंजा त्याच्यापुढे धरला आणि म्हणाले, "आठ परस विहीर खोदली, तिच्यावर माझं नाव आहे का? ज्यांनी हा डोंगर खोदला त्यांनी आपली नावं लिहिली का? मग तू काय केलंस म्हणून लिहितोस?" पोरगा रडवेला झाला. रेघ उथळ होती, पण ती आता तिथे आहेच. दगडावरची रेघ पुसता येत नाही.

घरी गेल्यावर मी त्याला अजिंठ्याची हकीकत सांगितली. 28 एप्रिल 1819 रोजी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने त्या दरीत आला आणि त्याला लेणी दिसली. आसपासच्या लोकांना ती जागा माहीत होतीच. बाहेरच्या जगाला त्याच्यामुळे कळली. पण त्यानेही दहाव्या लेण्यातील चित्र असलेल्या खांबावर आपले नाव आणि तारीख कोरली. लेण्यात तेव्हा मातीचा ढीग साचलेला होता, त्यावर उभे राहून कोरल्यामुळे ते नाव आता डोक्याच्याही वर दिसते. दोनशे वर्षे झाली, जखम तशीच आहे.

कायदाही सांगून ठेवतो. संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. पण मुलांना कायद्याचा धाक घालण्याआधी दादांनी विचारले ते विचारा. ते जास्त काळ लक्षात राहते.

जाताना एवढे लक्षात ठेवा

वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी. त्यामुळे वार पाहून निघा. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळ सुमारे 30 किलोमीटर आहे. कन्नड-चाळीसगावकडे जाणाऱ्या एसटी त्याच रस्त्याने जातात. 2023 पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे. लेण्यांमध्ये पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. म्हणजे खर्चाचा बाऊ करण्याचे कारण नाही. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी घरून घ्या आणि प्यायचे पाणी भरपूर न्या.

वेळ केव्हा काढावी? श्रावणात खुरपणी आटोपली आणि पावसाने उघडीप दिली की एक दिवस निघतो. त्या दिवसांत एकोणतिसाव्या लेण्याजवळ सीतेच्या न्हाणीचा धबधबाही वाहतो. मात्र तिथे दगड निसरडे असतात, मुलांचा हात सोडू नका. श्रावणी सोमवारी देवळाला फार गर्दी असते, तो दिवस टाळलेला बरा. नाहीतर कापसाच्या वेचणीत दोन दिवसांची सवड काढून दिवाळीच्या सुट्टीत जा.

वेरूळला एकूण चौतीस लेणी क्रमांकाने मोजतात. पहिली बारा बौद्धांची, तेरा ते एकोणतीस हिंदूंची आणि तीस ते चौतीस जैनांची. सगळी एका दिवसात पाहण्याचा हट्ट धरू नका. सहलीच्या गाड्या एका दिवसात वेरूळ, दौलताबाद, पाणचक्की आणि मकबरा उरकतात. घरी आल्यावर मुलांना विचारले, की त्यांना फक्त भेळ आठवते. त्यापेक्षा तीनच लेणी पाहा. सकाळी मुले ताजी असताना सोळावे. मग दहावे, त्याला सुताराचे लेणे म्हणतात, कारण दगडी छताला लाकडी वाशांसारख्या फासळ्या कोरल्या आहेत; आपल्या माळवदाचे वाशे पाहिलेल्या मुलांना ते लगेच कळते. आणि शेवटी बत्तिसावे, इंद्रसभा. तीन धर्मांची लेणी एकाच डोंगरात शेजारी-शेजारी कशी नांदली, हे वेगळे सांगावे लागत नाही.

मुलांना काहीतरी काम द्या. कैलासाच्या जोत्यावर हत्तींच्या रांगा आहेत, ते मोजायला सांगा. एका बाजूला रामायण आणि दुसऱ्या बाजूला महाभारत कोरले आहे, त्यातले ओळखीचे प्रसंग शोधायला सांगा. रावण कैलास हलवतो ती मूर्ती कुठे आहे ते विचारा. वही-पेन्सिल बरोबर असू द्या. आमच्या धाकटीने हत्ती काढला. त्याला पाय पाच झाले होते, पण तो तिचा हत्ती होता.

पुढच्या सुट्टीला

एकदा गोडी लागली की पुढच्या वेळी दौलताबादचा किल्ला पाहा. त्याची कातळ तासून केलेली उभी कडा, खंदक आणि अंधारी वाट मुलांना फार आवडते. बॅटरी मात्र न्या. शहरातली पाणचक्की तर आपल्या जिव्हाळ्याची. दूरच्या डोंगराजवळचे पाणी मातीच्या नळांतून आणून त्याच्या जोरावर जाते फिरवले आणि यात्रेकरूंसाठी धान्य दळले. पाणी कसे वाहते आणि कसे चढते, हे मुलांना पुस्तकापेक्षा तिथे लवकर कळते. अजिंठ्यासाठी मात्र वेगळा दिवस ठेवा, ते शहरापासून शंभरेक किलोमीटर आहे.

परत येताना एसटीत दोन्ही नातवंडे झोपली होती. दादा खिडकीबाहेर पाहत होते. मी त्यांना विचारले, "मग, दगडात काही दिसलं का?" ते म्हणाले, "आपल्याच हातचं काम दिसलं रे. उगीच इतकी वर्षं बाहेरूनच परत गेलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी नातू आजोबांना घेऊन विहिरीवर गेला, हे मला वहिनींनी सांगितले. काठावर पालथे पडून तो आतल्या कडेवरच्या छिन्नीच्या खुणा मोजत होता. निबंधाची वही त्याने पुन्हा काढली की नाही, ते मी विचारले नाही.

तेव्हा मंडळी, यंदा एक दिवस काढाच. घरात वडीलधारे असतील तर त्यांनाही बरोबर घ्या. दाखवायला मुले आहेत आणि सांगायला ते आहेत. आणि जाऊन आलात की तुमच्या मुलांनी तिथे काय विचारले, ते आम्हांला अवश्य कळवा.